इंजिनाचे मोठे काम स्वतः करावे का? निर्णयापूर्वी तपासावयाच्या बाबी

चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो, बॉनेटखालून वाफ निघू लागते आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी करावी लागते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधील मेकॅनिक गाडी पाहतो आणि सांगतो की हेड उतरवावे लागेल, आणि आत काय निघेल ते उघडल्यावरच कळेल. खर्चाचा अंदाज ऐकल्यावर गाडीमालकापुढे तीन वाटा उरतात. गॅरेजला काम देणे, गाडी आहे त्या स्थितीत विकून टाकणे, किंवा पाने हाती घेऊन हे काम स्वतः करणे. ज्याने आजवर ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड घरीच बदलले आहेत, त्याला तिसरी वाट विशेष खुणावते. ती वाट कोणासाठी योग्य आणि कोणासाठी घातक, हे काही ठरावीक कसोट्यांवर आधीच तपासता येते.

मोठे काम कशाला म्हणावे

इंजिनाच्या कामांची ढोबळमानाने तीन पातळ्यांत विभागणी करता येते. पहिल्या पातळीत इंजिन न उघडता होणारी कामे येतात. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, पट्टे, अल्टरनेटर ही त्यांची उदाहरणे. दुसऱ्या पातळीवर हेड उतरवावे लागते. हेड गॅस्केट बदलणे, हेडचे फेसिंग करणे, व्हॉल्व्ह बसवणे ही कामे या वर्गात मोडतात. तिसऱ्या पातळीवर इंजिन गाडीतून बाहेर काढून रिंग, पिस्टन, बेअरिंग, क्रँक यांपर्यंत पोहोचावे लागते. यालाच गॅरेजमध्ये इंजिन ओव्हरहॉल म्हणतात.

पहिल्या पातळीवरील चूक बहुधा दुरुस्त करता येते. दुसऱ्या पातळीवरील चूक महागात पडते. तिसऱ्या पातळीवर एखादा बेअरिंग कॅप उलटा बसला, तर नवे केलेले सर्व काम काही किलोमीटरांत वाया जाऊ शकते. म्हणून ‘इंजिनाचे काम जमेल का’ हा प्रश्न मोघम ठेवून चालत नाही. नेमके कोणत्या पातळीचे काम आहे हे प्रथम निश्चित करावे लागते, आणि ते निदानाशिवाय कळत नाही.

निदान पक्के झाल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नये

इंजिन तापले म्हणजे हेड गॅस्केट गेले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात रेडिएटरचा पंखा न फिरणे, त्याचा स्विच वा रिले बिघडणे, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकणे, रेडिएटर आतून चोंदणे, झाकणाची स्प्रिंग सैल पडणे किंवा वॉटर पंपाची पाती झिजणे, यांपैकी कोणत्याही कारणाने गाडी तापते. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून पाण्याच्या भांड्यात तापवला, तर तो उघडतो की नाही ते डोळ्यांना दिसते. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडू लागतो. ही सर्व तपासणी अल्प खर्चात होते आणि ती आधी करावी.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे निराळी असतात. बाहेर कोठेही गळती नसताना कूलंट कमी होत जाते. इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात. गरम इंजिनातही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघत राहतो. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ साय दिसते. मात्र शेवटच्या लक्षणाबाबत गोव्यातील वाहनधारकाने सावध राहावे. पावसाळ्यातील दमट हवेत, रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली बाष्प साचून असाच पांढरट थर जमतो, आणि त्याचा गॅस्केटशी काही संबंध नसतो. पट्टीवरील ऑइलही दुधाळ असेल, तेव्हाच शंका बळावते.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन चाचणी करावी. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला दाबमापक लावला जातो आणि स्टार्टरने इंजिन फिरवले जाते. सुस्थितीतील पेट्रोल इंजिनात हा दाब साधारणतः १० ते १४ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर येतो. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा असतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. एकाच सिलिंडरात दाब कमी असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा आहे. रिंगा झिजलेल्या इंजिनात ऑइलचे झाकण उघडताच धूर बाहेर येतो, सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि ऑइल वरचेवर घालावे लागते.

या एका चाचणीने काम दुसऱ्या पातळीचे आहे की तिसऱ्या, हे कळते. काम पुढे गॅरेजलाच द्यावयाचे असले, तरी ती करून घेणे हिताचे असते. आकडे हाती असलेल्या गाडीमालकाला अनावश्यक काम गळ्यात मारणे अवघड जाते.

गाडी कोणती, यावर निम्मा निर्णय ठरतो

सर्व इंजिने सारखी नसतात. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन लहान आहे, हेड एका माणसाला उचलता येते, टायमिंगसाठी पट्टा आहे, बॉनेटखाली हात घालायला जागा आहे आणि तिची माहिती असलेले मेकॅनिक गावोगावी आहेत. हेड उतरवण्याचे पहिले काम शिकावयाचे असेल, तर अशा इंजिनावर शिकणे शहाणपणाचे ठरते.

याउलट, अनेक भारतीय गाड्यांत बसवले गेलेले १,२४८ सीसीचे कॉमन रेल डिझेल इंजिन घ्यावे. त्यात टायमिंगसाठी साखळी आहे. ती जुळवताना शाफ्ट जागच्या जागी रोखून धरणारी खास हत्यारे लागतात. इंधनाच्या रेलमधील दाब हजार बारच्याही पुढे जातो. चालू इंजिनात त्या नळीच्या जोडातून उडणारी बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते आणि ती जखम वरून किरकोळ दिसली, तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. नवशिक्याने अशा इंजिनात उतरू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकाच्या गाड्यांत सेन्सर आणि संगणकीय नियंत्रण इतके वाढले आहे की, स्कॅनरशिवाय त्यांचे निदानही पूर्ण होत नाही.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. काही इंजिनांत टायमिंग चुकल्यास पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. अशा इंजिनात पट्ट्याचा एक दात जरी पुढे-मागे झाला, तरी व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो. आपले इंजिन त्या प्रकारातले आहे का, हे काम सुरू करण्यापूर्वी माहीत असलेच पाहिजे. टायमिंग जुळवल्यानंतर स्टार्टर लावण्याआधी पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहण्याची पद्धत यासाठीच आहे.

काम अवघड होते ते कोठे

हेड उतरवणे तुलनेने सोपे असते. खरी कसोटी ते परत बसवताना लागते. हेडचे बोल्ट सैल करताना कडेकडून मध्याकडे आणि आवळताना मध्याकडून कडेकडे, ठरावीक क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत जावे लागते. आवळण्याचा जोर टॉर्क रेंचने मोजावा लागतो. येथे हाताचा अंदाज उपयोगी पडत नाही. काही मॅन्युअलमध्ये हा जोर किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो, तर काहींत न्यूटन-मीटरमध्ये. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. या दोहोंची गल्लत केल्यास बोल्ट तुटतो किंवा ब्लॉकमधील आटे निघतात. अनेक नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरावयाचे असतात. ते ताणले जाऊनच पकड घेतात, म्हणून गॅस्केटबरोबर नवे बोल्टही घ्यावे लागतात.

तापलेल्या गाडीचे ॲल्युमिनियमचे हेड बहुधा थोडे वाकलेले असते. अचूक सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालची फट फिलर गेजने मोजतात. लहान इंजिनांत ही मर्यादा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच, बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसवले, तर ते काही महिन्यांत पुन्हा फुटते. घरी केलेले काम फसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणजेच घरी काम करणाऱ्यालाही मशिन शॉपची पायरी चढावीच लागते. हेडचे फेसिंग, तडा आहे का ते पाहण्यासाठी दाबचाचणी, व्हॉल्व्ह सीटचे ग्राइंडिंग आणि तिसऱ्या पातळीच्या कामात ब्लॉकचे बोअरिंग, होनिंग व क्रँक ग्राइंडिंग ही कामे तेथेच होतात. बोअर मोठा केल्यावर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर वाढीव मापाचे पिस्टन लागतात. ते बाजारात मिळतात का, याची खात्री ब्लॉक मशिनवर चढवण्यापूर्वी करावी. मिळणार नसतील, तर तो ब्लॉक बोअर करून उपयोग नाही. सीमेपलीकडे बेळगावचे उद्यमबाग हे फाउंड्री आणि मशिनिंगच्या उद्योगांसाठी ओळखले जाते. गोव्यातील वाहनधारकाने आपल्या शहरात सोय आहे का ते आधी पाहावे, नसल्यास बाहेर पाठवण्याचा वेळ आणि भाडे हिशेबात धरावे.

हत्यारे, जागा आणि पाऊस

सॉकेटचा संपूर्ण संच, टॉर्क रेंच, फिलर गेज, कॉम्प्रेशन गेज, भक्कम जॅक, किमान दोन स्टँड आणि इंजिन बाहेर काढावयाचे असल्यास चेन पुली किंवा इंजिन उचलण्याची क्रेन, एवढी सामग्री लागते. ती सर्व विकत घ्यावी लागणार असेल, तर एका कामापुरता घरचा खर्च गॅरेजच्या मजुरीएवढाच होण्याचा संभव असतो. हत्यारे पुढेही वापरली जाणार असतील, तरच ती गुंतवणूक ठरते. टॉर्क रेंच, चेन पुली यांसारख्या वस्तू ओळखीच्या गॅरेजमधून एक-दोन दिवसांसाठी मिळतात का, हेही विचारून पाहावे.

जागेचा प्रश्न गोव्यात हवामानाशी निगडित आहे. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावर इंजिन उघडणे म्हणजे गंजाला आमंत्रण होय. सिलिंडरची घासून चकचकीत केलेली भिंत दमट, खाऱ्या हवेत ऑइलच्या थराविना राहिली, तर तिच्यावर एका रात्रीतही गंजाची छटा येऊ शकते. किनारपट्टीवरील जुन्या गाड्यांचे सायलेन्सरकडील बोल्ट गंजून इतके घट्ट बसलेले असतात की ते काढतानाच तुटतात. तुटलेला बोल्ट भोक पाडून काढणे हे एक स्वतंत्र कसब आहे. वर छप्पर, खाली सपाट फरशी आणि महिनाभर गाडी न हलवता ठेवता येईल अशी जागा नसेल, तर पावसाळ्यात हे काम काढू नये. इमारतीच्या सामायिक पार्किंगमध्ये तर सोसायटीची परवानगी आणि शेजाऱ्यांची सहनशीलता, दोन्ही तपासून घ्यावी.

वेळेचे गणित

अनुभवी मेकॅनिकला जे काम दोन-तीन दिवसांचे, ते रविवारी फावल्या वेळात करणाऱ्याला सहज महिनाभर पुरते. मध्येच एखादा सुटा भाग चुकीचा येतो, मशिन शॉपमध्ये रांग असते, बोल्ट तुटतो. चवथीच्या आठवडाभर आधी गाडी उघडून सणाला ती वापरू, असा बेत आखणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. घरात दुसरे वाहन आहे का, कामावर जाण्यासाठी बस सोयीची आहे का, घरातील वृद्धाला नियमित रुग्णालयात न्यावे लागते का, या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत. ज्या गाडीवर रोजची कमाई अवलंबून आहे, ती शिकण्यासाठी उघडू नये.

जिवाचे धोके

केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालील पाणी शंभर अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण सुटताच ते उसळते. कामाला आरंभ करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. इंधनाच्या नळ्या सोडवताना जवळ ज्योत, विडी-सिगारेट वा ठिणगी नसावी आणि अग्निशामक हाताशी असावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग वा वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला धोका जाणवतही नाही.

इथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. उघड्या भांड्यात ठेवलेले कूलंट मुले किंवा कुत्री-मांजरे पिऊ शकतात. काढलेले ऑइल आणि कूलंट परसात, विहिरीजवळ किंवा ओहोळात ओतणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यामुळे आपल्याच पिण्याच्या पाण्याचा नाश होतो. वापरलेले ऑइल बंद डब्यात साठवून, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

कायदा, विमा आणि वॉरंटी

गाडी वॉरंटीत असेल, तर हात लावू नये. इंजिन घरी उघडल्याचे दिसताच कंपनीला दावा नाकारण्यास कारण मिळते.

नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई मिळत नाही. पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. पाणी सिलिंडरमध्ये शिरले असताना स्टार्टर मारला, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान मालकाच्या कृतीमुळे झाले म्हणून विमा कंपनी दावा फेटाळू शकते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतलेले असल्यास त्याच्या अटी पाहाव्या लागतात. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, ओढून न्यावी, आणि विमा सर्वेक्षकाची पाहणी होईपर्यंत एकही भाग उघडू नये.

ओव्हरहॉलऐवजी दुसरे इंजिन बसवण्याचा पर्याय निवडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ कडे लक्ष द्यावे लागते. इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो. त्यामुळे बदललेल्या इंजिनाची माहिती परिवहन कार्यालयाला देऊन नोंद करून घ्यावी लागते. इंजिन कोठून घेतले याची पावती नसेल, तर ते चोरीच्या गाडीचे असल्याच्या संशयाला उत्तर देता येत नाही.

जुन्या गाडीबाबत आणखी एक हिशेब आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार रुपये करण्यात आले आणि त्यानंतर अधिक जुन्या गाड्यांच्या शुल्कातही बदल झाले. नोंदणी संपण्यास वर्षभरच उरले असेल, आणि गाडीचा पत्रा व चॅसिस गंजलेले असतील, तर नव्या इंजिनानेही ती तपासणीत उतरेलच असे नाही. इंजिनावर खर्च करण्यापूर्वी गाडीच्या तळाचा गंज पाहून घ्यावा.

मधला मार्ग

‘सर्व काही स्वतः’ आणि ‘सर्व काही गॅरेजला’ यांच्यामध्ये एक व्यवहार्य वाट आहे. निदान स्वतः करावे किंवा समोर उभे राहून करून घ्यावे. सुटे भाग स्वतः पारखून, खात्रीच्या दुकानातून पावतीसह घ्यावेत. सोपी उतरवणी स्वतः करावी, हेड मशिन शॉपला द्यावे आणि ते परत बसवताना, टायमिंग जुळवताना व बोल्ट आवळताना ओळखीच्या मेकॅनिकला दिवसाची मजुरी देऊन बोलवावे. यात पैसाही वाचतो आणि जोखमीचा टप्पा जाणत्या हाताखाली पार पडतो. मात्र ही गोष्ट मेकॅनिकशी आधी बोलून ठरवावी. अर्धवट उघडलेली, बोल्टांची सरमिसळ झालेली गाडी स्वीकारण्यास बहुतेक गॅरेजे नाखूश असतात, आणि स्वीकारली तरी अधिक मजुरी घेतात. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेणे आणि बोल्ट खुणा केलेल्या डब्यांत वेगवेगळे ठेवणे, ही शिस्त अशा वेळी उपयोगी पडते.

निर्णयाची कसोटी

कामाला हात घालण्यापूर्वी कागदावर दोन रकाने करावेत. एकात गॅरेजचा लेखी अंदाज लिहावा. दुसऱ्यात सुटे भाग, मशिन शॉप, हत्यारे, ऑइल-कूलंट आणि वाहतूक यांची बेरीज मांडावी. या बेरजेत काम फसल्यास गाडी ओढून गॅरेजला नेण्याचा व पुन्हा मजुरी देण्याचा खर्चही मिळवावा. त्या दोन्ही आकड्यांशेजारी गाडीची आजची विक्री किंमत लिहावी. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या निम्म्याहून पुढे जात असेल, तर दोन्ही वाटा सोडून गाडी विकण्याचा विचार प्रथम करावा.

इंजिन साधे आणि जुने, निदान पक्के, काम हेडपुरते, सर्व्हिस मॅन्युअल हाती, छप्पर असलेली जागा, घरात दुसरे वाहन आणि अडल्यास धावून येणारा एक जाणकार, इतक्या गोष्टी जुळत असतील, तर हे काम स्वतः करण्यास हरकत नाही. त्यातून पैशापेक्षा ज्ञान अधिक मिळते, आणि ते पुढील प्रत्येक दुरुस्तीत कामी येते. यांपैकी दोन-तीन गोष्टी नसतील, तर मधला मार्ग धरावा. काम क्रँकपर्यंत जाणारे असेल, इंजिन कॉमन रेल डिझेल असेल, किंवा घरचा रोजचा चरितार्थ त्या गाडीवर असेल, तर ते गॅरेजलाच सोपवावे, आणि सोपवताना कॉम्प्रेशन चाचणीचे आकडे, लेखी अंदाज व बदललेले जुने भाग परत मिळण्याची अट, या तीन गोष्टी मागून घ्याव्यात.